हात वर केले, पण कागद कुठाय?

नमस्कार श्रोतेहो. आज ग्रामसभेबद्दल बोलायचंय. रविवारी सकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये भरते ती आपली ग्रामसभा, जिथं अर्धे लोक चर्चमधल्या मिसेतून नाहीतर देवळातून तसेच येतात आणि खुर्च्या कमी पडल्या की दारात उभे राहतात. हल्ली गोव्यात कुठल्याही गावच्या सभेत एक विषय हमखास निघतो, मेगा प्रोजेक्ट. २०२४ मध्ये सांकवाळच्या डोंगरावरून केवढा गदारोळ झाला आपण सगळ्यांनी बघितलाय, कारमोणाचे लोक तर किती वर्षं झगडतायत. डोंगर कापणार, शेकडो फ्लॅट उभे राहणार, आणि गाव विचारतंय की आमच्याच नळाला एक दिवसाआड पाणी येतं, मग यांना कुठून देणार?

मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. पण आमच्या गावात आमचं जे चुकलं ते आज सांगायचंय, कारण तीच चूक मला आता बाकीच्या गावांतही होताना दिसतेय.

आमच्याकडे असाच एक प्रोजेक्ट आला, दोनशे फ्लॅटचा. ग्रामसभेला एवढी गर्दी मी आयुष्यात बघितली नव्हती, म्हाताऱ्या बायकासुद्धा आल्या होत्या काठी टेकत. सगळे बोलले, जीव तोडून बोलले, आणि ठराव झाला, "ग्रामसभेचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे." बस्स, एवढंच एक वाक्य. पंचायतीनं त्याच्या जोरावर बांधकामाचं लायसन्स नाकारलं आणि आम्हाला वाटलं जिंकलो. पुढे अपिलात तो नकार टिकलाच नाही, कारण विरोध कशासाठी ते काहीच लिहिलेलं नव्हतं. विरोध आहे, बरं, पण का आहे? ते त्या हॉलमध्ये शंभर तोंडांनी सांगितलं गेलं होतं, कागदावर मात्र एक ओळसुद्धा उतरली नव्हती.

याचं मूळ कायद्यात आहे. १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा म्हणतो की ग्रामसभेचा निर्णय पंचायतीवर बंधनकारक, पण तो नियमांच्या आणि दुसऱ्या कायद्यांच्या विरुद्ध असता कामा नये. हा जो "पण" आहे ना, सगळी लढाई तिथंच हरली नाहीतर जिंकली जाते. नियमात बसणारं बांधकाम नुसतं नको म्हणून थांबवता येत नाही. आणि पंचायत गप्प बसून राहिली तरी उपयोग नाही, ३० दिवसांत निर्णय दिला नाही तर बिल्डर सरळ पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपिलाला जाऊ शकतो.

मग लिहायचं काय? पाण्याचंच बघा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. दोनशे फ्लॅट, घरात चार माणसं म्हटली तर आठशे माणसं, म्हणजे रोजचे १ लाख ८ हजार लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास अकरा टँकर रोज, स्विमिंग पूल आणि बाग वेगळीच. आता हा आकडा ठरावात घाला आणि खाली विचारा, साळावली धरणाच्या नाहीतर ओपाच्या पाणी प्रकल्पाच्या कुठल्या लाइनवरून हे पाणी येणार, पाणी खात्यानं तसं लेखी दिलंय का? "आमचं पाणी पळवणार" असं ओरडण्यात आणि हे विचारण्यात किती फरक आहे बघा, या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

रस्त्याचंही तेच. आमच्या गावातले एक काका, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, ते नंतर टेप घेऊन गेले. प्लॅनवर रस्ता सहा मीटर दाखवला होता, जाग्यावर दोन कुंपणांच्या मध्ये चार मीटरसुद्धा भरेना. हे ग्रामसभेच्या आधी मोजलं असतं तर! अजून सांगतो, डोंगराचा उतार बघा, २५ टक्क्यांच्या वरचा उतार रिजनल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल ते ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात, बांधकामाला बंद आहे. सांडपाणी कुठं जाणार, खाली खाजन, म्हणजे बांध घातलेली खाऱ्या पाण्याकाठची शेतजमीन, आहे का, झर आहे का, त्या झरीवर कोणाची कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, जगतात, हे गावातल्या माणसाला जेवढं ठाऊक असतं तेवढं पणजीच्या ऑफिसात बसलेल्याला कसं असणार.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पंचायतीत फाइल येते तोपर्यंत खूप काही होऊन गेलेलं असतं, जमिनीचा झोन बदललेला असतो, बिगरशेतीची सनद झालेली असते, टीसीपीचं, म्हणजे नगरनियोजन खात्याचं, टेक्निकल क्लिअरन्स मिळालेलं असतं, आणि आपण मात्र शेवटच्या दाराशी उभं राहून ओरडतो. २०२४ ला टीसीपी कायद्यात ३९ए कलम आलं, त्यात झोन बदलायच्या अर्जावर हरकती घ्यायला ३० दिवस मिळतात, ते ३० दिवस खरे महत्त्वाचे. नोटिशीत गाव आणि सर्व्हे नंबर असतो, पण आपल्यातल्या कितीजणांना समोरच्या डोंगराचा सर्व्हे नंबर माहीत आहे? त्याआधीचं झोन बदलायचंच १७(२) कलम तर अजून वाईट, तिथं लोकांना विचारायची सोयच नव्हती, मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं त्याचे नियम रद्द केले. ते कोणामुळे? कोणीतरी बसून एकेक सर्व्हे नंबर तपासला, कागद जमवले, म्हणून.

कागदाबरोबर रस्त्यावरचे लोकही लागतात, ते मी नाकारत नाही. २००६ च्या शेवटी रिजनल प्लॅन २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो प्लॅन मागे घ्यावा लागला. पण त्या वेळीसुद्धा लोक नकाशे पसरून बसले होते, कुठलं शेत कुठल्या रंगात गेलंय ते बोटानं दाखवत होते. नंतरच्या २०२१ च्या प्लॅनचे नकाशे म्हणूनच गावागावांत पाठवले गेले, लोकांनी बघावेत म्हणून.

आता कोणी म्हणेल, घरं नकोतच का तुम्हाला? हवीत की. माझा भाचा वास्कोत भाड्यानं राहतो, दोघं कमावतात तरी स्वतःचं घर जमत नाही, त्याच्यासाठी कोणी छोटी बिल्डिंग बांधत असेल तर मी स्वतः सभेत उठून हो म्हणेन. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं सापडलं होतं. घरं बांधली जातायत आणि भाचा भाड्यानंच राहतोय. म्हणून गावानं हेही लेखी विचारावं, ही घरं कोणासाठी?

आमच्या गावात आता चौघांचा ग्रुप झालाय, ते काका, एक वकिलीला शिकणारी मुलगी, पंचायतीतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मी. दर सोमवारी पंचायतीचा नोटीस बोर्ड बघायचा, नव्या नोटिशीचा फोटो काढायचा, सर्व्हे नंबर नकाशावर शोधायचा. पुढच्या रविवारी सभा आहे. या वेळचा ठराव आम्ही आधीच लिहून ठेवलाय, तीन पानं झालीत, आणि काका काल परत टेप घेऊन डोंगरावर गेले होते.