टॅरँट्युलाची जोडी जमवताना: घाई नराची, वेळ मादीची

नमस्कार मंडळी! थंबनेलवरचा लाल गुडघ्यांचा कोळी बघून निम्मे जण घाबरत आले असणार आणि निम्मे 'याची पिल्लं कशी काढतात' हे विचारायला. दोघांचंही स्वागत!

हा मेक्सिकन रेड नी, म्हणजे टॅरँट्युला या मोठ्या केसाळ कोळ्यांपैकी एक. शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या हलिस्को, कोलिमा, मिचोआकान या राज्यांतला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जंगलातून इतके उचलले गेले की 1985 मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात घालून त्यांच्या परदेशी व्यापाराला परवान्याची अट लावावी लागली. मग युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरीच पिल्लं काढायचं मनावर घेतलं.

लोकांना वाटतं, अवघड असतं ते मीलन. मादीने नराला खाल्लं, खेळ खल्लास. ते तर काही मिनिटांचं काम आहे हो. खरी गोची वयाची. एकाच अंडपिशवीतले भाऊ-बहीण घ्या. भाऊ साधारण चार-पाच वर्षांत वयात येतो आणि पुढे जेमतेम वर्ष-दीड वर्ष जगतो. बहिणीला वयात यायलाच सहा-सात वर्षं लागतात, आणि ती पंचवीस वर्षं सहज काढते. म्हणजे ही उपवर होईपर्यंत भाऊराया निजधामाला गेलेले असतात! त्यामुळे नर जवळपास नेहमी दुसऱ्याच्या घरून आणावा लागतो. तिकडे त्याची रीतच पडली आहे: नराचा मालक नर उसना पाठवतो, पिल्लं झाली की निम्मी त्याला. नर जिवंत परत येईल याची हमी कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही.

पण नर कुठला आणि मादी कुठली, हे ओळखायचं कसं? टाकलेल्या कातीवरून. (इथे कातीचा क्लोज-अप.) वाळलेली कात पाण्यात भिजवून मऊ करायची आणि पोटाकडचा भाग हलक्या हाताने उलगडायचा. फुप्फुसांच्या चार पांढऱ्या चकत्या दिसतात. त्यातल्या वरच्या दोघींच्या मध्ये जी छोटी घडी दिसते ना, ती मादीची शुक्राणू साठवायची पिशवी. घडी नसेल तर बहुधा नर.

आता गंमत बघा. ही पिशवी कातीबरोबर निघून जाते. आज जोडी जमली आणि पुढच्या महिन्यात मादीने कात टाकली, तर सगळे शुक्राणू त्या कातीत गेले. मेहनत पाण्यात. म्हणून मादीने नुकतीच कात टाकून, दात कडक होऊन, चांगलं खाल्लेलं असलं की मगच नर सोडायचा. मला विचाराल तर यात यश-अपयश ठरवते ती कात टाकल्याच्या तारखांची वही. बाकी हीटर-बिटर नंतर.

नराचं लक्षण सोपं. शेवटची कात टाकल्यावर तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांना टोकाशी गोळे येतात आणि पुढच्या पायांना आकडे. तो एक जाळं विणतो, त्यावर शुक्राणूंचा थेंब सोडतो आणि तो गोळ्यांत भरून घेतो. हे झाल्याशिवाय त्याला मादीकडे नेण्यात अर्थ नाही.

(व्हिडिओ इथे हळू करा.) हे पाहा. नर मादीच्या दाराशी थांबलाय आणि पाय आपटतोय. थरथर, मग थांबणं, परत थरथर. मादी तयार असेल तर तीही जमीन ठोकून उत्तर देते. ती उठते, दात उघडते. छातीत धस्स होतं ना? पण त्या आकड्यांनी तो तिचे दात अडवून धरतो, तिला मागे रेटतो आणि खालून एकेक गोळा लावतो. काम झालं की पळ काढतो. तुम्ही लांब चिमटा आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन तयार राहायचं, तोंड मात्र जवळ न्यायचं नाही. ही जात पोटावरचे खाजरे केस उडवते आणि ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो.

मग वाट बघायची, कधी कधी कित्येक महिने. मादी लिंबाएवढी पांढरी पिशवी विणते आणि तोंडाशी धरून फिरवत राहते. त्या काळात डब्याला हात लावू नका. बिथरली तर ती स्वतःच पिशवी खाऊन टाकते. साधारण महिन्याभराने बरेच जण पिशवी काढून घेतात आणि ऊबदार, दमट डब्यात ठेवतात. आत आधी अंड्यांना पाय फुटल्यासारखं दिसतं, मग दोन कातींनंतर खरी पिल्लं. एका पिशवीत कित्येक शे असू शकतात! एकमेकांना खायला लागण्याआधी प्रत्येकाला वेगळी डबी. आता शेकडो डब्या, रोजचं पाणी, तुडतुड्याएवढं खाद्य... सुरू करण्याआधी घरच्यांना विचारा.

एक गोष्ट मला खटकते. 2017 च्या संशोधनाआधी बाजारात हॅमोरी आणि स्मिथी या दोन जाती एकाच नावाने विकल्या जात. त्यामुळे जुन्या कोळ्याचं मूळ माहीत नसेल तर जोडी जमवूच नका. संकर झाला तर तो पुढे कुणालाच सुधारता येत नाही.

आता आपल्याकडचं. झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस सह्याद्रीतही आढळतो. निळा पोइसिलोथेरिया मेटॅलिका 1899 मध्ये आंध्रातल्या गुत्तीहून नोंदला गेला, मग 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरमधल्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे आणि परदेशातल्या काचपेट्यांत मात्र जोरात वाढतोय. 2019 पासून पोइसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती साइट्सच्या यादीत आहेत. त्यामुळे 'ट्रेकला गेलो, एक उचलून आणला' हे कुणी करायचं नाही. परदेशी जातीही साइट्समध्ये असेल तर 2022 च्या सुधारित वन्यजीव कायद्याने नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. विकणारा 'कागदबिगद लागत नाहीत' म्हणाला, तर फोन ठेवून द्या.

पुढच्या भागात पिल्लांना पहिला घास कसा भरवायचा ते दाखवतो. तुमच्याकडे कुठली जात आहे, कॉमेंटमध्ये लिहा.