वाटी बदलली, पू झाला. आता गोळ्या किती आठवडे?

(दृश्य: कुडाळजवळची एक वाडी. पडवीत आरामखुर्ची, शेजारी स्टुलावर औषधांचा डबा.)

या डब्यातली तांबडी कॅप्सूल रिफाम्पिसिनची. टीबीचं औषध म्हणून ती आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण या घरातल्या आजींना टीबी नाही. त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी मुंबईत बदलली. टाके निघाले, आणि काही दिवसांनी जखमेतून पाणी यायला लागलं. गुडघा पुन्हा उघडावा लागला. आतून धुतला, खरवडला, मधला प्लास्टिकचा भाग नवा घातला. धातूचा सांधा मात्र होता तिथेच ठेवला. मग गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी व्हायला लागली तेव्हा आजी घाबरल्या होत्या. ते या औषधामुळेच होतं, हे कळल्यावर निवळल्या.

आता पाचवा आठवडा चालू आहे. सूज उतरली आहे, न्हाणीघरापर्यंत काठी घेऊन जाता येतं. आणि आजी सुनेला विचारतात, "माका आता बरा वाटता. मगे ह्या औषद कित्याक?"

प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टरांनीही तो वर्षानुवर्षं एकमेकांना विचारला आहे.

(दृश्य: पावसात भिजलेली चिऱ्याची पायरी, हिरवी, बुळबुळीत.)

धातूवर जंतू बसले की ते सुटे राहत नाहीत. स्वतःभोवती चिकट थर करतात आणि त्याच्या आत दबून राहतात. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते ना, तसंच. वरून कितीही पाणी ओता, ती हलत नाही, खरवडावीच लागते. म्हणून अशा संसर्गात नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, आधी ऑपरेशन लागतं. आणि धातू आतच ठेवला असेल, तर खरवडूनही थोडे जंतू उरले असण्याची शक्यता धरूनच औषध द्यावं लागतं. रिफाम्पिसिन इथे कामाला येतं ते त्यासाठीच: स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंच्या त्या थरात ते शिरतं. पण ते एकटं कधीच द्यायचं नाही, जंतू फार लवकर त्याला दाद देईनासे होतात. आणि आपल्याकडे ते सुरू करण्याआधी टीबी नाही ना, हे पाहणंही भाग असतं.

मग किती आठवडे? फ्रान्समधल्या 28 रुग्णालयांनी मिळून हे तपासलं आणि 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कृत्रिम सांध्यात संसर्ग झालेल्या, त्यासाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला 6 आठवडे अँटिबायोटिक, दुसऱ्याला 12 आठवडे. दोन वर्षं लक्ष ठेवलं. 6 आठवडेवाल्यांपैकी 18.1 टक्के लोकांचा संसर्ग गेला नाही किंवा उलटला. 12 आठवडेवाल्यांत हेच प्रमाण 9.4 टक्के निघालं. म्हणजे जवळजवळ निम्मं.

आता ज्यांचं ऑपरेशन आजींसारखं झालं होतं, धुऊन धातू आतच ठेवला होता, त्यांचे आकडे वेगळे काढून पाहा. संसर्ग न गेलेले किंवा उलटलेले 6 आठवडेवाल्यांत 30.7 टक्के, 12 आठवडेवाल्यांत 14.5 टक्के. उलट, जुना सांधा काढून त्याच ऑपरेशनमध्ये नवा बसवलेल्या रुग्णांत फरक नावापुरता होता: 3.9 आणि 2.6 टक्के. या छोट्या गटांवरून पक्का नियम काढता येत नाही, हे खरं. तरी माझ्या मते घरच्यांनी सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारावा: "डॉक्टर, आतला धातू ठेवलात की काढलात?" आठवड्यांचं गणित बरंचसं तिथे ठरतं. स्टॅफिलोकॉकस असेल आणि सांधा तसाच ठेवला असेल, तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2013 सालच्या सूचनांत खुब्यासाठी एकूण 3 महिने आणि गुडघ्यासाठी 6 महिने सांगितले आहेत. आजींनी पाचव्या आठवड्यात थांबणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

(दृश्य: घाटातून उतरणारी एसटी.)

कोकणात आणखी एक अडचण असते. ऑपरेशन मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर गोव्याला, आणि औषधं गावी. रोज सलाईन लावायला कोण नेणार, आणि कुठे? इथे ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा फार आधार आहे. 2019 साली तो प्रसिद्ध झाला. हाडांचे आणि सांध्यांचे संसर्ग असलेले 1,054 रुग्ण त्यात होते. पहिले 6 आठवडे शिरेतून औषध दिलेल्यांत 14.6 टक्के उपचार फसले, तोंडाने दिलेल्यांत 13.2 टक्के. म्हणजे जंतूला लागू पडणारी गोळी मिळाली, तर महिनाभर सुई टोचून घ्यायची गरज सहसा पडत नाही.

पण लागू पडणारी गोळी कुठली, हे कळायला जंतू सापडायला हवा. आणि गाडं अडतं ते इथेच. गुडघा लाल झाला की जवळच्या दवाखान्यात जाऊन पाच दिवसांचा कोर्स घेतला जातो. थोडं बरं वाटतं. मग सांध्यातलं पाणी तपासायला काढलं, तर त्यात काहीच उगवत नाही. जंतू दबलेले असतात, मेलेले नसतात. रुग्णाची तब्येत स्थिर असेल, तर तपासणीआधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावं लागतं, आणि काही जंतू इतके सावकाश वाढतात की प्रयोगशाळेत नमुना चौदा दिवस ठेवतात. त्या पहिल्या कोर्सपायी पुढचे सगळे आठवडे अंदाजावर काढावे लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

याच्या अगदी उलट चूकही होते. ऑपरेशन स्वच्छ झालं, पू नाही, ताप नाही, तरी "सांभाळून असावं" म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे: संसर्ग टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक चीर देण्याआधी द्यावं, ऑपरेशन संपल्यावर पुढे लांबवू नये.

(दृश्य: मालवणचा मासळी बाजार. कोयतीवर पापलेट साफ करणारे हात.)

धातू नसलेल्या सांध्याची गोष्ट वेगळी. जिनिव्हात सांध्यातला पू ऑपरेशनने काढल्यावर 2 आठवडे आणि 4 आठवडे अशी तुलना झाली. त्यातले बहुतेक सांधे हाताचे होते, आणि 2 आठवडे पुरेसे ठरले. पण माशाचा काटा बोटात घुसून सांधा सुजला असेल, तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा. खाऱ्या पाण्यातला टीबीच्या कुळातला एक जंतू असा शिरतो. तो तीसेक अंश तापमानालाच नीट वाढतो, म्हणून प्रयोगशाळेलाही आधी कळवावं लागतं. त्याचा उपचार काही महिने चालतो. शेतातल्या चिखलातल्या जंतूमुळे होणारा मेलिऑइडोसिस हा आजारही पश्चिम किनाऱ्यावर आढळतो. तो सांध्यात उतरला, तर आधी काही आठवडे शिरेतून आणि मग निदान तीन महिने गोळ्या लागतात.

आजींच्या डब्यावर सुनेने आता चिठ्ठी चिकटवली आहे. ऑपरेशनची तारीख, जंतूचं नाव, गोळ्या कधी संपणार ती तारीख, आणि रक्ततपासणीचे दिवस. रिफाम्पिसिनने यकृतावर ताण येऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा जोरही ते कमी करतं. त्यामुळे ही चिठ्ठी गावच्या डॉक्टरांनाही दाखवायची. कोर्स संपल्यावर दोन वर्षांत कधीही गुडघा गरम झाला, सुजला किंवा जखमेतून पाणी आलं, तर गोळी सुरू करण्याआधी सर्जनला फोन लावायचा. तो नंबरही त्याच चिठ्ठीवर आहे.