मिरगाच्या किड्याला पाय किती?

(पालकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

समोर आया आहेत, आज्या आहेत, मागं दोन-चार बाबाही बसलेत. एक प्रश्न विचारूनच सुरुवात करते. मिरगाचा किडा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पहिला पाऊस पडून गेला की बांधावर लालभडक मखमलीचा ठिपका चालत असतो, तो. लहानपणी काड्यापेटीत घालून शाळेतही नेला असेल. मग सांगा, त्याला पाय किती?

सहा म्हणताय. आठ आहेत. म्हणजे तो कीटक नव्हेच. कीटकाला पाय सहा, अंगाचे भाग तीन, डोकं, छाती आणि पोट, आणि डोक्यावर मिशांची एक जोडी. मिरगाचा किडा कोळी आणि गोचीड यांच्या भावकीतला. अंड्यातून निघतो तेव्हा मात्र त्याला सहाच पाय असतात, उरलेले दोन पुढं फुटतात. त्याचे पाय मोजायची बुद्धी मला एका दुसरीतल्या मुलीनं दिली. तिनं किडा तळहातावर घेतला, मोजला आणि म्हणाली, “बाई, ह्याला दोन जास्त आहेत.” मला शिकवायला लागून तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षांत मी तो कितीदा पाहिला असेन, पण मोजला नव्हता.

आपल्या बेळगाव भागातल्या मुलाला एकेका जिवाची तीन-चार नावं मिळतात. घरात फुलपाखरू, शेजारच्या अज्जीकडं पातरगित्ती, कन्नडच्या पुस्तकात चिट्टे आणि तक्त्यावर बटरफ्लाय. ही श्रीमंती आहे, सगळी नावं येऊ देत. पण तक्त्यावरची चित्रं पाठ झाली म्हणजे कीटक शिकवून झाले, असं घरोघरी समजतात, त्याचं मला वाईट वाटतं. तेच मूल अंगणात एखादा भुंगा धरायला वाकलं की आपण ओरडतो, “शी, टाक ते!” मूल घाबरतं ते आपल्या ओरडण्याला, भुंग्याला नव्हे.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. ज्यांच्या घराला अजून पडवी आहे, त्यांनी पाऊस पोचत नाही अशा वळचणीखालच्या भुसभुशीत मातीत बघा. नरसाळ्यासारखे इवले खड्डे दिसतील. तळाशी एक अळी दबा धरून बसलेली असते. मुंगी घसरली की खालून माती उडवून तिला आणखी खाली पाडते. म्हणून तिला मुंगीसिंह म्हणतात. एक अळी अलगद उचलून वाडग्यात चाळलेल्या कोरड्या मातीवर ठेवा. ती उलटी चालत, गोल फिरत नवा खड्डा खणेल. मुलाला सांगू काही नका. “ही कुठल्या बाजूला चालते?” एवढंच विचारा. बघून झालं की जिथून आणली तिथं सोडा.

मुंग्यांचंही तसंच. ताटलीत गूळ, मीठ, पीठ आणि तेल वेगवेगळं ठेवा आणि आधी कुठं गर्दी होते ते मुलालाच ओळखू द्या. रांग लागली की मधे ओलं बोट फिरवा. मुंग्या तिथं येऊन थबकतात, कारण त्या वासाच्या वाटेनं चालतात आणि ती वाट आपण पुसलेली असते.

पण एकच गोष्ट करणार असाल तर कढीपत्त्याची करा. परड्यात झाड असेल, नसेल तर कुंडीतही चालतं. कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर जवळून बघा. ती बहुतेक लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. शीट समजून पक्षी तिला सोडून देतात. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते. तिला हलकेच डिवचलं तर मानेमागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझ्या वर्गातली मुलं या शिंगावर जीव टाकायची.

तिला सांभाळायचं कसं, ते माझ्या चुकीवरून सांगते. पहिल्या वर्षी मी अळी बरणीत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि पानं धुऊन ओलीच घातली. दोन दिवसांत आत बुरशी आली, अळी मेली. वर्गातलं एक पोर दिवसभर बोललं नाही. तेव्हापासून बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर. पानं कोरडी, रोज ताजी. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी केलीत तर तोंडाशी कापसाचा बोळा हवाच, नाहीतर अळी पाण्यात उतरून मरते. काळे दाणे म्हणजे तिची विष्ठा, ती रोज काढायची. हे काम मुलाकडं द्या, आनंदानं करतात. उन्हात ठेवू नका. आणि केसाळ सुरवंट मात्र हातात घ्यायचा नाही. त्याच्या केसांनी अंगाची आग होते.

खाणं थांबवून अळी सैरावैरा फिरू लागली की आत एक काडी तिरकी ठेवा. काडीला शेपटाकडून चिकटून ती कमरेभोवती एक धागा गुंडाळते आणि त्या धाग्यावर रेलून राहते. दुसऱ्या दिवशी कोष दिसतो. शहापूर-वडगावात ज्यांच्या घरी माग होते, त्यांच्या मुलांना मी इथं रेशमाच्या किड्याची गोष्ट सांगायचे. तो किडा शेकडो मीटर लांबीचा एकच सलग धागा स्वतःभोवती विणतो. पोरं घरी जाऊन आजोबांच्या मागावरचा धागा हातात धरून बघायची.

पुढं आठ-दहा दिवस, थंडीत जास्तही, काहीच घडत नाही. आपल्याला हे दिवस जड जातात, मुलांना जात नाहीत. मग बहुधा एखाद्या सकाळी फुलपाखरू निघतं. चुरगळलेले ओले पंख लोंबवत बसतं. तेव्हा हात लावायचा नाही.

एका वर्षी तसं झालं नाही. कोष काळपट पडला, त्याला बारीक भोक दिसलं आणि आतून चिलटांएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या, एकामागून एक. अशा माश्या कोषातच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतलं सगळं खातात. बरणी ज्या मुलाची होती, त्यानं विचारलं, “बाई, फुलपाखरू कुठं गेलं?” खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. मग जे झालं होतं ते सांगितलं. तो बराच वेळ बरणीकडं बघत राहिला. नंतर वही उघडून त्यानं कोष काढला, कोषाला भोक काढलं आणि बाहेर माश्या काढू लागला. प्रत्येकीला सहा पाय. सत्तावीस माश्या होत्या. घंटा झाली तरी तो उठला नाही.