विकाऊ व्हिक्टोरियन घर बघताय? आधी तळघरात उतरा!

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच जणांना रात्री फोनवर घरांच्या जाहिराती चाळायची खोड असते. त्यात मधेच लहान गावातलं सव्वाशे वर्षांचं व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या धाटणीचं, घर दिसतं. कोपऱ्यात मनोरा, पुढे नक्षीदार लाकडी व्हरांडा. झालं, झोप उडालीच म्हणून समजा!

आज उदाहरण घेऊ वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडचं. समुद्रकाठचं छोटंसं गाव. १८८०च्या दशकात इथे रेल्वे येणार, मोठं बंदर होणार अशी हवा होती. पैसेवाल्यांनी टेकाडावर टोलेजंग घरं बांधली. १८८९चं स्टॅरेट हाउस त्यातलंच. पण रेल्वेचं काम अर्ध्यावर थांबलं, पाठोपाठ १८९३ची मंदी आली आणि माणसं गाव सोडून गेली. गंमत बघा, गावाला गरिबी आली म्हणून घरं वाचली. पाडून नवीन बांधायला पैसा होता कोणाकडे?

आता, बाहेरून घर जसंच्या तसं राहिलंय, तसं आतूनही राहिलेलं असू शकतं. म्हणून मनोरा नंतर बघा. आधी टॉर्च आणि पेचकस घेऊन तळघरात उतरा. पायाच्या दगडांवर आडवी लाकडी तुळई असते, तिच्यात पेचकसाचं टोक दाबा. टणक लागलं तर ठीक. सहज आत शिरलं तर लाकूड कुजलंय, आणि वरचं सगळं घर त्याच्यावरच उभं आहे! मग टॉर्च छताकडे मारा. पांढऱ्या चिनी मातीच्या बोंडांवरून ताणलेल्या सुट्या वायरी दिसल्या, तर ते 'नॉब अँड ट्यूब' वायरिंग. त्याला अर्थिंग नसतं, आणि ते चालू असेल तर विमा उतरवताना बऱ्याच कंपन्या खळखळ करतात.

दुसरी गोष्ट भिंतींची. त्या काळी 'बलून फ्रेम' पद्धत होती, म्हणजे भिंतीतले उभे वासे पायापासून थेट छपरापर्यंत. मधली पोकळी सलग, त्यामुळे खाली लागलेली आग भिंतीच्या आतून माळ्यापर्यंत चढते. पोकळीत आडवे ठोकळे बसवून ती वाट बंद केली आहे का, हे घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला विचाराच.

रंगात शिसं असणार हे धरूनच चाला. १९७८ आधीच्या घरातल्या शिशाबद्दल जे माहीत आहे ते विकणाऱ्याला सांगावंच लागतं, आणि तपासणीसाठी तुम्हाला १० दिवस मिळतात. घरात लहान मूल असेल तर हे दिवस सोडू नका.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. 'ऐतिहासिक' पाटी असली की खिळा ठोकायलाही परवानगी लागते का? घराचं नाव नुसतं ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत असेल आणि काम स्वतःच्या पैशाने करणार असाल, तर केंद्र सरकार आड येत नाही. आड येऊ शकते ती जुन्या वास्तू जपणारी गावाची समिती. तिचे नियम बयाणा द्यायच्या आधी वाचा. आणि दुरुस्तीवर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते हे ऐकून हुरळून जाऊ नका. ती उत्पन्न देणाऱ्या वास्तूंसाठी आहे, राहत्या घराला नाही. पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायचा विचार असेल तर गणित बदलतं, पण ते घर घेण्याआधी करसल्लागारासमोर बसून मांडा.