ब्रॉड स्ट्रीटवरचं कुलूप

हा फोटो तुम्ही पाहिला असेल. 1885 सालचा, फिलाडेल्फियातला. साडीतल्या आनंदीबाई जोशी आणि त्यांच्यासोबत जपान आणि सीरियाहून आलेल्या दोन विद्यार्थिनी. बायकांना डॉक्टर करायचं म्हणूनच 1850 मध्ये निघालेल्या वुमन्स मेडिकल कॉलेजात तिघी शिकत होत्या. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला बाळंतपणाचा. स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

त्या कॉलेजचं पुढे काय झालं, हे शोधत गेलं की आपण ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका रुग्णालयाशी येऊन थांबतो. हानेमान.

नाव ओळखीचं वाटलं ना? होमिओपॅथीचे जनक, तेच हे. 1848 मध्ये होमिओपॅथीचं कॉलेज म्हणून याची सुरुवात झाली. पुढे होमिओपॅथी मागे पडली, नाव तेवढं राहिलं. 1990च्या दशकात आनंदीबाईंचं कॉलेज आणि हानेमानचं कॉलेज एक झाले. आज तो वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे.

अमेरिकेतलं पहिलं रुग्णालय याच शहरातलं. बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. थॉमस बाँड यांनी 1751 मध्ये ते स्थापन केलं, गरीब आजाऱ्यांना आसरा मिळावा म्हणून. मुलांसाठीचं देशातलं पहिलं रुग्णालयही इथलंच. पेन, जेफर्सन, टेंपल ही इथली आजची रुग्णालयांची मोठी जाळी. पण शहराने स्वतः चालवलेलं फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटल 1977 मध्ये बंद पडलं, आणि तेव्हापासून शहराच्या मालकीचं एकही रुग्णालय नाही.

मग ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याने जायचं कुठे? बरेच जण हानेमानला जात. इथले बहुतेक पेशंट गरिबांच्या किंवा वृद्धांच्या सरकारी विम्यावरचे. त्या विम्यातून रुग्णालयाच्या हाती पडणारी रक्कम खासगी विम्यापेक्षा कमी असते.

2018च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका गुंतवणूकदाराच्या कंपनीने हानेमान विकत घेतलं. या व्यवहारात जमीन आणि इमारती रुग्णालयापासून वेगळ्या काढून दुसऱ्या कंपन्यांच्या नावावर ठेवल्या गेल्या. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. 2019च्या जूनमध्ये रुग्णालयाने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा शहराच्या मध्यावरची ती मोलाची जागा त्या दिवाळखोरीच्या बाहेरच राहिली.

नर्सेस रस्त्यावर उतरल्या. शिकाऊ डॉक्टर पाचशेहून जास्त, त्यांत व्हिसावर आलेलेही. सगळे नवी जागा शोधायला लागले. त्यांच्या प्रशिक्षणाच्या जागाच कोर्टात लिलावाला निघाल्या. बोली साडेपाच कोटी डॉलरपर्यंत गेली!

आणि बाळंतपणं? 1997 मध्ये शहरातल्या 19 रुग्णालयांत प्रसूतिविभाग होते. 2012 पर्यंत त्यांतले 13 बंद झाले होते. उरलेल्यांत एक हानेमानचा होता. तोही गेला. दिवस भरत आलेल्या बायका नव्या दवाखान्यात नाव घालायला धावल्या.

सप्टेंबरपर्यंत 496 खाटांचं रुग्णालय रिकामं झालं.

सहाच महिन्यांत कोविड आला. शहराने ती इमारत मागितली, पण भाड्याचं जमलं नाही. शेवटी टेंपल विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये खाटा मांडल्या. ते स्टेडियमही ब्रॉड स्ट्रीटवरच आहे, हानेमानपासून उत्तरेला जेमतेम दीड मैलावर.