फार दूर नको, फार जवळ नको

मंडळी, बुद्धांना राहायला जागा कोणती द्यावी, असा प्रश्न राजगृहात बिंबिसार राजाला पडला होता. त्यानं काय विचार केला ते विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, आलं आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. भेटायला येणाऱ्यांना सोयीची असावी. दिवसा वर्दळ कमी, रात्री गलका नाही. त्याचं वेळुवन, म्हणजे बांबूचं बन, तसं होतं, ते त्यानं दान केलं. आश्रम-मठांच्या वाटेला लागणाऱ्यानं ही गोष्ट आधी वाचावी, असं मी कळकळीनं सांगतो. एकांत म्हटलं की आपल्याला हिमालयच आठवतो, आणि मग रजा आणि पैसे जमेपर्यंत आयुष्य निघून जातं.

ठाण्यात राहून तर असं मुळीच होऊ देऊ नये. तुमच्यापैकी कितीजण सकाळी येऊरला चालायला जाता! येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. त्याच जंगलाच्या बोरिवलीकडच्या बाजूला कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. शंभराहून जास्त लेणी, आणि साधारण हजार वर्षांची वस्ती. तिथल्या दानलेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत. एकीकडे सोपाऱ्याचं बंदर, दुसरीकडे कल्याणची बाजारपेठ आणि मधल्या डोंगरात भिक्षू. भिक्षेला गाव हवं, ध्यानाला डोंगर हवा. दोन्ही गरजा एकाच जागेत भागत होत्या.

बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, पाहतात, मोठ्या बुद्धमूर्तीपाशी फोटो काढतात आणि परततात. माझी विनंती आहे, वर चढा. वरची लेणी लहान आहेत: पुढे ओसरी, कोरलेला दगडी बाक, आत एकट्या माणसापुरती खोली आणि बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. कातळावर पन्हळी खोदून पावसाचं पाणी या पोढ्यांत आणलं आहे. भिक्षूंचा वर्षावास पावसाळ्यातला, तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा. म्हणून श्रावणात जा, पन्हळीतून पाणी वाहताना पाहा. एकच लेणं निवडा आणि त्या बाकावर दोन तास बसा. बाकीची शंभर राहिली तरी चालतील. (सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवा.)

हे झालं रिकाम्या विहाराचं. नांदत्या जागी गेलात की तिथला दिवस तुमचा राहत नाही, आणि मला त्याचंच मोल सगळ्यात जास्त वाटतं. कसारा घाट ओलांडला की इगतपुरी. तिथल्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना या ध्यानपद्धतीचं शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा होते, फोन जमा करावा लागतो, आर्यमौन पाळायचं असतं, म्हणजे इतर साधकांशी बोलणं नाही की खुणा नाहीत. शुल्क नाही, दान देता येतं ते शिबिर पूर्ण केलेल्यालाच. ‘दोन दिवस जाऊन बघतो’ म्हणणाऱ्यासाठी ही जागा नाही. पूर्ण दहा दिवस देता येत असतील, तरच नाव नोंदवा.

पवनारचं वळण वेगळं. वर्ध्याजवळ धाम नदीकाठी विनोबांनी 1959 साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते ब्रह्मचारिणींच्या सामूहिक साधनेसाठी. तिथे शेतीही साधना आणि झाडलोटही साधना. निर्णय सर्वसंमतीनं होतात. अशा ठिकाणी पाहुण्यानं भाजी निवडायला बसावं. नुसतं पाहत फिरण्यापेक्षा तासभर हात चालवले, की त्या घराची लय अंगात उतरते.

आता थोडं वागण्याबद्दल. आधी पत्र किंवा फोन करून विचारा, आणि जागा नाही म्हणाले तर गळ घालू नका. किती दिवस राहणार ते आधी सांगा आणि तेवढंच राहा. जेवणाची वेळ त्यांची पाळा. प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा खोलीत ठेवा. एका सुट्टीत तीन आश्रम उरकू नका, एकाच ठिकाणी राहा. पहिला दिवस चुळबुळीत जाईल, जाऊ द्या. निघताना खोली झाडा, अंथरूण घडी घाला, आणि शुल्क नसलेल्या जागी दानाचा काय नियम आहे तो विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणी तो वेगळा असतो.