अक्षरांचा आकार आणि कवितेचा अर्थ

मित्रहो, कागदावर डोळ्यांना दिसणारी कविता म्हटले की आपल्याला पाश्चात्त्य प्रयोग आठवतात. १६३३ साली छापलेल्या, इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्टच्या ‘ईस्टर विंग्ज’मध्ये ओळी आखडत जातात आणि पुन्हा पसरतात; १९१८च्या संग्रहात फ्रेंच कवी अपोलिनेरने पावसावरच्या कवितेच्या पाच ओळी तिरप्या धारांसारख्या खाली सोडल्या. ही उदाहरणे मोलाची आहेत, पण आपल्या परंपरेत चित्रबंध, म्हणजे अक्षरे ठरावीक आकृतीत बसवून केलेली रचना, त्याहून कितीतरी जुने आहेत आणि त्यांचे गणित वेगळे आहे. संस्कृत कवी भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गातला एक श्लोक मी फळ्यावर लिहितो.

दे वा का नि नि का वा दे
वा हि का स्व स्व का हि वा
का का रे भ भ रे का का
नि स्व भ व्य व्य भ स्व नि

कोणतीही ओळ उलट वाचा, ती तीच राहते. आता पहिला स्तंभ वरून खाली वाचा: दे, वा, का, नि, म्हणजे पहिल्या ओळीचाच पूर्वार्ध. दुसरा स्तंभ ही दुसऱ्या ओळीची सुरुवात आहे आणि पुढचे दोन्ही स्तंभ तसेच जुळतात. याला सर्वतोभद्र म्हणतात, आणि हेच नाव एका युद्धव्यूहाचेही आहे. हा सर्ग युद्धाचा आहे, म्हणून चहूबाजूंना तोंड करून उभी राहिलेली ही अक्षरे मला नुसती करामत वाटत नाहीत. तरीही अर्थ लावायला या काव्याचा जुना टीकाकार मल्लिनाथ याच्या टीकेचा आधार घ्यावा लागतो, हे खरे आहे. संस्कृत काव्यशास्त्रकारांपैकी मम्मटाने अशा चित्रकाव्याला खालच्या पायरीवर बसवले, आनंदवर्धनाने त्याला काव्याचे अनुकरण म्हटले, आणि आकारासाठी अर्थाची ओढाताण होते तिथे त्यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

या श्लोकातून लिहिणाऱ्याने घ्यायची गोष्ट म्हणजे त्याचे एकक. इथे घर भरले आहे ते अक्षराने. ‘स्व’ आणि ‘व्य’ ही जोडाक्षरेसुद्धा एकाच घरात बसली आहेत. मराठीत शब्द उभा लिहायचा झाला तर ‘चंद्र’ हा ‘चं’ आणि ‘द्र’ असाच फुटतो. ‘द्’ आणि ‘र’ सुटे केले की शब्द डोळ्यांनाही तुटतो आणि जिभेलाही. मी विहिरीवर एक लहान कविता केली, तिची ओळ न् ओळ अक्षरे मोजूनच ठरली:

विहिरीच्या पायऱ्या उतरताना
आवाज बारीक होत जातो
उजेड मागे राहतो
आणि मग पाणी
स्थिर, काळे
थंड

बारा, दहा, आठ, सहा, चार, दोन. शेवटच्या जागी आधी मी ‘थंडगार’ लिहिले होते. शब्द चांगला होता, पण दोन अक्षरे जास्त झाली आणि तळ गाठल्याची जाणीवच होईना. मोठ्याने वाचून पाहा: प्रत्येक ओळीला श्वास कमी लागतो. कान आणि डोळा एकाच वेळी खाली उतरतात, म्हणून आकार मला टिकवावासा वाटला. हाच मजकूर सलग गद्यासारखा लिहिला आणि काहीच हरवले नाही, तर मी आकार सोडून देतो. माझ्या बहुतेक कच्च्या खर्ड्यांचे असेच झाले आहे.

छपाईच्या वेळी आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात, वर वेलांटी आणि खाली उकार येतो, त्यामुळे ओळी फार जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो. अक्षरांची रुंदीही सारखी नसते: ‘र’ अरुंद, ‘क्ष’ ऐसपैस. त्यामुळे मोजणीत समान असलेल्या ओळी कागदावर लहानमोठ्या दिसतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर लांब ओळ मध्येच मोडते. म्हणून मी आकाराची कविता आधी हाताने चौकटीच्या वहीत लिहितो, एका घरात एक अक्षर, आणि ओळी पक्क्या झाल्यावरच टंकलेखनाला बसतो.